जगदाळ्यांचा दगड

५ ऑक्टोबर १९६४, सोमवार. सर्वपित्री अमावस्या

ज्ञानोदय मंडळाची मासिक सभा. उपस्थिती अकरा. पैकी जागे चार.

दोष कुणाला द्यायचा? दोन वर्षांपूर्वी मंडळ काढलं तेव्हा मीच म्हणालो होतो, अमावस्येला खडेवाडीत कुणी औत जुंपत नाही, बैलं दावणीला आणि माणसं रिकामी, तेव्हा सभा दर अमावस्येला दुपारी चारला, शाळेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. सर्वपित्रीला घरोघरी खीर-वडे असतात हे माझ्या डोक्यात आलं नाही आणि बाकीच्यांनी बोलून दाखवलं नाही. जेवून आलेली माणसं भिंतीला टेकली ती टेकलीच. मी 'वाचनाचे फायदे' वाचत होतो आणि मागून घोरण्याचा आवाज येत होता.

सरपंच हिंदुराव आमच्याच भावकीतला, माझा चुलतभाऊ. तो जागा होता, पण त्याला फक्त एवढंच विचारायचं होतं की मंडळ लाउडस्पीकर कधी घेणार. अकरा माणसांना लाउडस्पीकर कशाला, असं मी विचारलं. म्हणाला, "आवाज गावात गेला म्हंजे मंडळ हाय म्हनून कळंल तरी."

एक ठराव मात्र झाला. पुढची अमावस्या दिवाळीची, म्हणून सभा नाही. त्याच्या पुढच्या सभेला, ४ डिसेंबरला, सांगलीच्या कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक मंगसुळीकर यांना बोलवायचं. ते गावोगावचे जुने दगड बघत हिंडतात असं वर्तमानपत्रात वाचलं होतं. सूचना माझी. अनुमोदन बिराप्पाचं.

बिराप्पा माळावरच्या धनगरवस्तीतला. माझाच विद्यार्थी, वस्तीवरचा पहिला सातवी पास. आता मेंढरं निम्मी विकून ज्वारी करतो. सभेला एकदाही चुकत नाही, फक्त त्याचं कुत्रं सोबत येतं. सभेत कुत्रं नको असा मी नियम केलाय, म्हणून ते उंबऱ्याबाहेर बसतं आणि शेवटपर्यंत माझ्याकडे बघत राहतं. मंडळात लक्ष देऊन ऐकणारं तेवढं एकच. नाव केंच्या. मागचं कुत्रं मेलं त्याचं नावही केंच्याच होतं, बापाच्या कुत्र्याचंही तेच. मी विचारलं, दुसरं नाव सुचत नाही का रे? म्हणाला, "आमच्यात कुत्र्याला दुसरं नावच ठेवत न्हाईत गुरुजी." मी सातवीपर्यंत शिकवून कल्पकतेचा हा प्रकार.

८ ऑक्टोबर

प्राध्यापकांना पत्र टाकलं. तीन वेळा लिहून फाडलं. शेवटी 'गावात प्राचीन वीरगळ असून तो आमच्या जगदाळे घराण्याचे मूळपुरुष खंडोजी यांचा आहे' एवढं सरळ लिहिलं.

चावडीमागं तो दगड आहे. लढाईत पडलेल्या माणसाच्या नावानं उभा करतात तसला. वर वीर, त्याच्या पायाशी वाघ, खाली घोड्यांची रांग. घोडे झिजल्यामुळे मेंढरांसारखे दिसतात. त्याखाली तीन ओळींचा लेख. तो मोडीत नाही आणि बाळबोधातही नाही, कानडी वळणाचा आहे.

माझ्या 'खडेवाडीचा इतिहास' या ग्रंथाचं तिसरं प्रकरण याच दगडावर आहे. आठ वर्षं लिहितोय. प्राध्यापकांची प्रस्तावना मिळाली तर कुणीतरी छापील.

ट्रंक उघडली तेव्हा त्या लेखाचा ठसा हाताला लागला. त्रेपन्न साली मी स्वतः काढलेला. पतंगाचा पातळ कागद ओला करून दगडावर बसवला आणि कोळशाची पूड चोळली. दोन दिवस लागले. वारा इतका होता की एका धनगरणीनं घोंगडं आडवं धरलं म्हणून जमलं. पंचावन्न साली जतला एका कानडी मास्तरांना दाखवला. ते म्हणाले, लिपी फार जुनी, मला पुरती लागत नाही, पण यात जगदाळे असं काही दिसत नाही. अर्धवट ज्ञान फार वाईट. तेव्हापासून कागद ट्रंकेतच आहे. प्राध्यापकांना दगड दाखवू. ठसा कशाला काढायचा? इतिहासाच्या माणसाला कानडी कुठून येणार?

१५ ऑक्टोबर, दसरा

दगडापुढं नारळ फोडायचा पहिला मान जगदाळ्यांचा, आणि भावकीत वाचता-लिहिता थोरला म्हणून तो माझ्याकडे. मी सात वर्षांचा असताना वडिलांनी माझा हात हातात धरून फोडून घेतला होता. वडिलांनी मला दुसरं काही दिलं नाही. जमीन भावाभावांत गेली, घराची मागची बाजू पडली. हा दगड दिला आणि सांगितलं, हा आपला. म्हणून मला त्याच्याविषयी काही वेडंवाकडं ऐकवत नाही.

आमचं झाल्यावर नेहमीप्रमाणे बिराप्पाची आई हरणाबाई आली. लोटीभर मेंढीचं दूध दगडाच्या पायाशी ओतलं, आणि मग थोडं त्या वाघाच्या तोंडाला लावलं. वाघाला दूध. मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी काही बोलत नाही. केंच्या उरलेलं चाटत होता.

१२ नोव्हेंबर

महिन्यापूर्वी टाकलेलं पत्र आज परत आलं. पाकिटावर मी सवयीनं 'दक्षिण सातारा' असं घातलं होतं. जिल्ह्याचं नाव सांगली होऊन चार वर्षं झाली. पण पाकिटावर सांगली शहराचं नाव मोठ्या अक्षरात होतं, ते कुणाला दिसलं नाही? सातारा, कोरेगाव, पुन्हा सातारा असे सगळे शिक्के बसून माझ्याच दारात. पोस्टमन धुळा म्हणतो, "गुरुजी, तुमच्या पत्रानं आमच्यापरीस जास्त परवास क्येला." हसायची बाब नाही. आज पुन्हा टाकलं.

२० नोव्हेंबर

कार्ड आलं. प्राध्यापक येणार. चार ओळींत तीन गोष्टी: साधं जेवण चालेल, सत्कार नको, आणि 'मला हळेकन्नड म्हणजे जुनी कानडी वाचता येते, तेव्हा आपल्या शिलालेखाविषयी फार उत्सुकता आहे.'

आनंदच आहे.

जेवण गेलं नाही. सौ. म्हणाली, "भ्याल्यागत का दिसताय?" मी म्हणालो, पित्त झालंय.

२४ नोव्हेंबर

परवा मेहुण्याच्या लग्नासाठी कोरेगावला निघायचं, म्हणून हिंदुरावाकडे जाऊन आलो. सांगितलं की पाहुणे यायच्या आत दगडाभोवतीचा केर काढा, दगड धुवा, आणि शेजारी एक लाकडी फळी लावा. फळीवरचा मजकूर चिठ्ठीवर लिहून दिला: 'वीर खंडोजी जगदाळे यांची समाधी.' विट्याचा पेंटर येऊन लिहील.

हिंदुराव म्हणाला, "आन ती खाली खड्ड्याखड्ड्याची अक्षरं हायती, ती तशीच ठिवायची?"

मी घाईत होतो. म्हणालो, ते तू बघ.

२ डिसेंबर

कोरेगावहून दुपारी उतरलो. एस.टी.तूनच दिसलं. चावडीमागं काहीतरी चकाकत होतं.

दगडाला चांदीसारखा रंग दिलाय, पाण्याच्या टाक्यांना देतात तो. वीर, वाघ, घोडे सगळे चकचकीत. आणि खालच्या तीन ओळी नाहीतच. शाळेच्या भिंतीसाठी परमिटवर मिळालेलं सिमेंट उरलं होतं, ते अक्षरांत भरून, घासून, गुळगुळीत करून त्यावर पेंटरनं तांबड्या अक्षरांत लिहिलंय: वीर खंडोजी जगदाळे यांची समाधी. फळी कुठं आहे विचारलं तर हिंदुराव म्हणाला, "फळीला लाकूड कोन द्यील? एवढा मोठा दगड हुबा हाय की." वर तारेचं कुंपण. फाटकाला कुलूप. किल्ली त्याच्या करदोट्याला. का, तर धनगरांच्या दुधानं रंग खराब होतो.

मी त्याला काय काय बोललो. आठशे-हजार वर्षं ऊनपाऊस सोसलेलं लेखन एका दुपारात पुसलंस म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "दादा, मी इचारलं व्हतं तुमास्नी. तुमी म्हनला, तू बघ. मी बघितलं."

खोटं कशाला लिहू? लांबून ते तांबडं नाव वाचताना आधी छाती फुगली होती. मग प्राध्यापकांचं कार्ड आठवलं. मग, आणि हे कुणी वाचू नये, थोडं हलकं वाटलं.

४ डिसेंबर, शुक्रवार. अमावस्या

उपस्थिती सदतीस. मंडळाच्या इतिहासात एवढी नव्हती. हिंदुरावानं विट्याहून लाउडस्पीकर आणला होता. तो चालला नाही.

प्राध्यापक एकच्या गाडीनं यायचे ते तासगावला गाडी बंद पडून साडेतीनला आले. बारीक, पन्नाशीचे, खांद्याला पिशवी, पायात धुळीनं भरलेल्या चपला. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, आधी दगड.

हिंदुरावानं थाटात कुलूप काढलं. प्राध्यापक आत गेले आणि उभे राहिले. मग गुडघ्यावर बसून त्यांनी सिमेंटवरून बोटं फिरवली, आंधळा माणूस तोंड चाचपतो तशी. विचारलं, "हे कधी झालं?"

"आठ दिस झालं," हिंदुराव म्हणाला. "तुमी येनार म्हनून मुद्दाम."

प्राध्यापकांनी डोळे मिटून घेतले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. विचारलं, सिमेंट छिन्नीनं निघेल का? स्वतःच म्हणाले, नाही, दगड ठिसूळ आहे, अक्षरं सोबत येतील. मग वर बघून म्हणाले, "कुत्रा मात्र सुरेख आहे."

"वाघ आहे तो," मी म्हणालो.

"वाघाची शेपटी अशी वेटोळी नसते, गुरुजी. आणि गळ्यात पट्टा आहे. ही खालची मेंढरंही चांगली उतरलीत."

माझे घोडे. आठ वर्षांचे घोडे.

शाळेत सभा झाली. मी प्रास्ताविक केलं, ते माझं मलाच ऐकू आलं नाही. प्राध्यापक बोलायला उठले आणि भाषण न करता म्हणाले, "दगड आता बोलणार नाही. तेव्हा तुम्ही बोला. या दगडाविषयी घरात काय सांगतात?"

जगदाळ्यांपैकी चौघं उठले. चौघांनी खंडोजीच्या चार वेगवेगळ्या लढाया सांगितल्या. मग मागून हरणाबाई उठली. ती अमावस्येची दुधाची लोटी घेऊन आली होती आणि कुंपणाबाहेरच ओतून आली होती.

म्हणाली, "माझी सासू सांगायची, तिची सासू सांगायची. माळाप्पा आमचा. रानात मेंढरं बसवली व्हती. चोर आलं, लय व्हतं. ह्यो एकला, आन त्येचं कुत्रं. सकाळच्याला बघत्यात तर दोघंबी पडल्यालं, आन मेंढरू एक बी गेलं न्हाई. म्हनून आमी पयलं दूध त्येला द्येतो आन मग कुत्र्याला."

"काय बी," हिंदुराव म्हणाला. "गावचा दगुड हाय. धनगराची समाधी चावडीम्हागं कशी आसंल?"

"चावडी कवा झाली?" बिराप्पानं विचारलं. "आन दगुड कवाचा?"

गलका झाला. जगदाळे एका बाजूला, माळावरची चार घरं दुसऱ्या. प्राध्यापकांनी हात वर केला. म्हणाले, "दोन्ही ऐकलं. मी जिल्ह्यातल्या शिलालेखांची यादी करतोय. लेख वाचता आला असता तर वाद मिटला असता. नाहीतर मला लिहावं लागेल की मजकूर नष्ट, वीर अज्ञात. म्हणून शेवटचं विचारतो. सिमेंट भरायच्या आधी कुणी या लेखाची नक्कल, ठसा, काही काढलं होतं का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गावात कागदाचं काम करणारा मीच.

सौ. दारात चहाचे पेले घेऊन उभी होती. दरवर्षी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या तीच घालते.

मी म्हणालो, नाही.

कसा म्हणालो ठाऊक नाही. तोंडातून निघून गेलं. हरणाबाईनं माझ्याकडे बघितलं, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि खाली बसली. मघाशी भरल्या सभेत बोलणारी बाई एकाएकी का गप्प झाली मला कळलं नाही.

प्राध्यापक साडेपाचच्या गाडीनं गेले. जेवायलासुद्धा थांबले नाहीत. प्रस्तावनेचा विषय मी काढला नाही.

५ डिसेंबर

मजकूर नष्ट झाला तर झाला. माझा काय दोष? सिमेंट मी भरलं नाही. शिवाय ठशात काय आहे ते मला तरी कुठं माहीत आहे? ते जगदाळ्यांच्या बाजूचंही असेल.

मग दाखवायला काय झालं होतं? कुणी विचारलेलं नाही.

६ डिसेंबर

सौ. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलते. आमटीत मीठ नव्हतं. मागितलं तर म्हणाली, "ट्रंकंत बघा, तिथं लय काय काय असतंय."

८ डिसेंबर

सकाळी शाळेत जाताना बघितलं. हरणाबाई तारेच्या फटीतून हात घालून लोटी वाकडी करत होती. दूध दगडापर्यंत पोचत नव्हतं. मातीत जिरत होतं. हिंदुराव चावडीच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "दादा, ह्या म्हातारीला तुमी समजवा." मला इतका राग आला, पण कुणाचा ते ठरवता आलं नाही. वर्गात पोरांना विनाकारण झोडपलं.

९ डिसेंबर

शाळा सुटल्यावर माळावर गेलो. म्हणायला बिराप्पाकडे मंडळाची वर्गणी मागायला. तो घरी नव्हता हे मला माहीत होतं.

हरणाबाई दारात लोकर विंचरत होती. केंच्या उठला, हुंगून पुन्हा बसला. तिनं घोंगडं टाकलं, ताकाचा तांब्या दिला. मी म्हणालो, त्या दिवशी सभेत तुम्ही मधेच का गप्प बसलात?

तिनं लोकरीवरून नजर वर केली नाही. "आवं गुरुजी, तुमी कागुद घासत बसला व्हता तवा घोंगडं कुनी धरलं व्हतं? दोन दिस. माझा खांदा भरून आला व्हता."

मला तिचा तेव्हाचा चेहरा आठवेना. मी त्या बाईकडे बघितलंच नव्हतं. माझं लक्ष कागदाकडे होतं.

मी विचारलं, मग तिथंच का सांगितलं नाही?

"भरल्या सबंत गुरुजीला खोटं कसं पाडायचं? माझ्या बिराप्पाला तुमीच अक्षार दिलं. त्येच्या बानं मेंढरामागं धाडलं व्हतं, तुमी माळावर यून वडत न्हेला साळंत." मग थोडं थांबून म्हणाली, "तुमाला वाटंल तवा सांगशीला. आमी कुटं चाललोय?"

ताकाचा तांब्या तसाच खाली ठेवला. मी एकशेदहा पानांत या गावाचा इतिहास लिहिलाय आणि त्यात ही बाई कुठंही नाही.

वर्गणी मागायची राहिली.

१० डिसेंबर

ठसा नळीत घालून प्राध्यापकांना रजिस्टर केला. सोबत लिहिलं: 'आपण विचारलंत तेव्हा मी नाही म्हणालो, ते खोटं होतं. मला या दगडाचा लोभ आहे. आपण वाचून जे असेल ते कळवावं.' पत्त्यावर दक्षिण सातारा घातलेलं नाही. दोनदा बघितलं.

सौ.नं रात्री आमटीत मीठ घातलं.

१९ डिसेंबर

उत्तर नाही. ठसा वाटेत गहाळ झाला असेल. तसं झालं तर मी सुटेन, असा विचार मनात आला. आल्याबरोबर स्वतःची किळस आली. पण आला.

२९ डिसेंबर

पाकीट आलं. धुळा पोस्टमन म्हणाला, "फोडा की." मी फोडलं नाही. मला मी ठाऊक झालोय. घरात फोडलं आणि नको ते निघालं, तर पुन्हा ट्रंक आहेच. सभेत फोडीन, सगळ्यांसमोर. पाकीट सौ.च्या हातात दिलं आणि म्हणालो, मी मागितलं तरी दोन तारखेपर्यंत देऊ नकोस.

त्यानंतर दोनदा मागितलं. दिलं नाही.

२ जानेवारी १९६५, शनिवार. अमावस्या

मासिक सभा. पाहुणा नाही, म्हणून माणसं कमी येतील वाटलं होतं, पण धुळानं पाकिटाची बातमी घरोघरी पोचवली होती. ज्यानं पत्र महिनाभर फिरवलं त्यानं ही बातमी एका दिवसात वाटली. जगदाळे पुढं बसले, माळावरची माणसं मागं. केंच्या नियमाप्रमाणे उंबऱ्याबाहेर.

मी उभा राहिलो आणि आधी सांगितलं की मागच्या सभेत मी खोटं बोललो. ठसा होता. माझ्याकडेच होता. अकरा वर्षं होता.

हिंदुराव म्हणाला, "दादा, काय गरज व्हती? झाकली मूठ..."

"झाकून झाकून हात आखडला," मी म्हणालो.

सौ.नं पाकीट पुढं केलं. कड मी ओढली पण कागद नीट फाटेना. बिराप्पानं फोडून दिलं. मी मोठ्यानं वाचू लागलो.

प्राध्यापकांनी लिहिलं होतं की ठसा उत्तम आहे, दगडावरही इतकं स्पष्ट दिसलं नसतं. लेख जुन्या कानडीतला, अंदाजे आठशे वर्षांपूर्वीचा. पहिल्या ओळीत तिथी. दुसऱ्या ओळीत असं की मेंढरांचं रक्षण करताना चोरांशी लढून अमका पडला. पण जिथं माणसाचं नाव असायला हवं तिथंच दगडाचा टवका गेलेला. शेवटचं एक अक्षर उरलंय, 'प्प'.

"म्हंजे खंडोजी बी आसू शकतोय," पुढून हिंदुराव म्हणाला.

"खंडोजीत प्प कुठाय?" मागून कुणीतरी.

"माळाप्पातच हाय असं तरी कुठाय? बिराप्पा, धुळाप्पा, शंभर अप्पा हायती."

आणि ते बरोबरच होतं. एवढं करून, एवढी लाज घालवून, हाती काय? एक प्प. चिडून मी उरलेलं घाईनं वाचलं. तिसरी ओळ. 'त्याच्यासोबत लढून त्याचा कुत्रा पडला. त्यालाही या दगडात जागा दिली. माणसाचं नाव गेलं, पण कुत्र्याचं नाव तिन्ही अक्षरांच्या कडा धरून स्पष्ट आहे. त्याचं नाव केंचय्या. तांबूस कुत्र्याला कानडीत...'

पुढचं वाचता आलं नाही. नाव ऐकून उंबऱ्याबाहेरचा केंच्या उठला, कान टवकारले, आणि आपल्याला हाक मारली असं समजून सरळ आत आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. जगदाळ्यांच्या ओळीमधून चालत माझ्यापर्यंत आला आणि माझ्या पायाशी बसून वर बघू लागला.

हरणाबाई मागं उठून उभी राहिली होती. "काय म्हनला नाव?" तिनं विचारलं. मी पुन्हा वाचलं. कुत्र्यानं पुन्हा शेपटी आपटली. ती स्वतःशीच म्हणाली, "माळाप्पाचं आमाला ठाव व्हतं. ह्येचं न्हवतं ठाव. आमी नुसतं हाक मारत आलो." आणि मग ती रडली. मोठ्यानं नाही, पदर तोंडात धरून. बिराप्पानं तिला खाली बसवलं.

हिंदुरावानं घसा खाकरला. "कुत्र्यावरनं काय ठरतंय व्हय?" पण म्हणताना तो कुत्र्याकडे बघत नव्हता.

सौ. दारातून आत आली आणि त्याच्यासमोर हात पसरून उभी राहिली. "भाऊजी, किल्ली द्या."

"वैनी, तुमी यात..."

"किल्ली."

तो बराच वेळ करदोट्याशी झटापट करत होता. गाठ बसली होती. शेवटी तोडून दिली.

सगळे चावडीमागं गेले. मी शाळेतच थांबलो. नारळाचा मान आता कुणाचा, यावर येत्या दसऱ्याला भांडण होणार आणि त्यात मला जगदाळ्यांविरुद्ध बोलावं लागणार. वडील असते तर काय म्हणाले असते, ते मला माहीत आहे. तिसरं प्रकरण पहिल्यापासून लिहायचं. वाघ खोडायचा, घोडे खोडायचे. आठ वर्षं गेली, आणि हे मला एका धनगरणीला नुसतं विचारून समजलं असतं. इतका राग येतो स्वतःचा.

नोंदवही पुढं ओढून उपस्थिती लिहिली: एकतीस. कुत्रं अजून माझ्या पायाशीच होतं. मी खाडाखोड करून बत्तीस केलं.